चष्मेवाल्याचं बारसं

तोंडात गुलाबी लगदा भरलेला, जबडा दाताच्या डॉक्टरच्या ताब्यात, आणि अशा अवस्थेत मला कळलं की मी खुळी नव्हते. माणसाला एवढी मोठी बातमी कळायची तर वेळकाळ काही आहे की नाही. मागचे दात काढून झाले होते, तिथे नवे बसवायचे म्हणून सूरज माप घेत होता. हा सूरज माझाच विद्यार्थी. अकरावीला बेडकाचं पोट उघडलेलं बघून मटकन खाली बसला होता, आता दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो आणि मला म्हणतो, ‘मॅडम, हलायचं नाही, बोलायचं नाही, नाकानं श्वास घ्या.’ जन्मभर मी ह्यांना गप्प बसा म्हणत आले, त्याचा सूड उगवतोय. तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. बंद करायला गेले तर अंगठा भलतीकडेच पडला आणि सगळ्या दवाखान्याला परदेशातल्या अलिझाचा आवाज ऐकू यायला लागला.

‘मावशी, मी बोलतेय. ऐकतेस ना?’

मी ‘अं’ केलं.

‘मावशी, तो वेगळा आहे. पूर्ण वेगळी जात. रक्ताचे निकाल आले, आणि झाडांवर आवाज टिपणारी यंत्रं लावली होती ना, ती पण ऐकून झाली. दुपारी गातो गं तो. भर उन्हात, सगळं बेट झोपलेलं असताना. तू सांगत होतीस अगदी तसंच.’

मी परत ‘अं’ केलं. त्या ‘अं’मध्ये काय काय होतं ते त्या पोरीला कळलं असेल की नाही कोण जाणे. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि खुर्ची मागे पाडलेली असल्यामुळे ते गालांवरून न जाता सरळ कानांत शिरलं. सूरजला वाटलं मला उमासे येतायत. ‘झालंच मॅडम, झालंच,’ म्हणत त्यानं लगदा आणखी घट्ट दाबून धरला. अलिझा बोलतच होती. पेपर आज संध्याकाळी पाठवायचा, पक्ष्याला नाव हवं, आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनी ठरवलंय की नाव माझंच द्यायचं. झोस्टेरॉप्स सत्यवतीए. ‘पण एक आहे, मावशी. पक्ष्याला तुझं नाव दिलं तर नाव ठेवणाऱ्यांत तुला घेता येणार नाही. आणि नाव ठेवणाऱ्यांत तू आलीस तर पक्ष्याला तुझं नाव देता येणार नाही. दोन्ही एकदम नाही. तू सांग. मला विचारशील तर… नको, तूच सांग. संध्याकाळी फोन करते.’ फोन बंद झाला. सूरजनं लगदा ओढून काढला, त्यावर उमटलेले माझे उरलेसुरले दात कौतुकानं पाहिले आणि विचारलं, ‘मॅडम, कोणाचं बारसं आहे?’ मी म्हटलं, ‘माझं.’ मग म्हटलं, ‘नाही, माझं नाही.’ मग तोंड धुतलं आणि बाहेर आले.

हे नावाचं प्रकरण सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. पक्ष्याचं शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द त्याच्या कुळाचा, आडनावासारखा. दुसरा त्याचा स्वतःचा. आणि त्यामागे, बहुतेक वेळा बारीक अक्षरांत, ज्यानं ते नाव ठेवलं त्याचं आडनाव. पक्षी वाचेल ना वाचेल, जग असेल तोवर ते आडनाव त्याच्या मागे लागलेलं राहतं. आता, आपणच ठेवायचं आणि आपलंच ठेवायचं, याला नियमात बंदी नाही म्हणतात, पण ते स्वतःच्या हातानं स्वतःची आरती ओवाळल्यासारखं. कोणी करत नाही. म्हणजे एक तर मी पक्ष्याचं नाव व्हायचं, नाही तर पक्ष्याला नाव देणारी व्हायचं. एवढं साधं. एवढं साधं होतं म्हणूनच गोखले नाक्यावर रिक्षा समोर उभी असताना मी तिच्यात बसले नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन चालत सुटले.

चालताना मी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. सत्यवतीए. हिरड्या अजून सुन्न असल्यासारख्या, त्यामुळे ते मलाच परकं ऐकू आलं, कोणा साहेबानं हाक मारावी तसं. परत म्हटलं. समोरून येणारा एक मुलगा कानातली ती वायर काढून म्हणाला, ‘काय आजी?’ मी म्हटलं, ‘तुला नाही.’ पण हसू मात्र ओठांवरून जाईना. खरं सांगते, मला हाव सुटली होती. मला मूल नाही, लग्न केलं नाही, कॉलेजातनं निवृत्त झाले तेव्हा नारळ आणि शाल मिळाली, ती शाल रत्नागिरीच्या हवेत कोणाला लागते. आणि आता हे. जगातल्या सगळ्या संग्रहालयांच्या कपाटांत, सगळ्या पक्ष्यांच्या पुस्तकांत, सत्यवती. आणि हे नाव काही शाळेतल्या बाईंनी सुचवलेलं नव्हे. आमच्या कोळीवाड्यातलं, मिरकरवाड्यातलं नाव ते, म्हावऱ्याच्या पाटीजवळचं. माझी आत्या यमुनाबाई, तिनं कुठल्याशा कीर्तनात ऐकलं की सत्यवती आपल्यातली, होडी वल्हवणारी, आणि पुढे हस्तिनापूरची राणी झाली. झालं. आली ती थेट पाळण्याशी. आईला म्हणे शकुंतला ठेवायचं होतं. आईला कोण विचारतंय. भाऊ जानू मला चिडवायचा, ‘राणीसाहेब, बोंबील सोला.’ आणि आता ते नाव लॅटिनची शेपटी लावून निघालं होतं. मी राम आळीतून जाताना दोन्ही बाजूंच्या दुकानांकडे असं बघत गेले की जणू सगळ्यांना आमंत्रणं द्यायचीयत.

आणि तरीही कुठेतरी खुपत होतं. आनंद होता, भरपूर होता, त्याच्या कडेला एक कुसळ. ते काय ते मला लगेच सापडलं नाही. सापडायला मला मनानं परत बेटावर जावं लागलं.

बेटाचं नाव मी सांगत नाही. पेपर छापून येईपर्यंत गप्प राहायचं असा दंडक आहे, आणि तसंही तुम्ही ते ऐकलेलं नसणार. नकाशावर कोणी पेन टेकवून बघितल्यासारखा एक ठिपका. तीसेक वर्षांपूर्वी, माझा प्रबंध चालू असताना, आमचे सर आणि आम्ही काही जण तिथे गेलो, मालवाहू बोटीतून, सुक्या खोबऱ्याचा वास नाकात भरून. मी कोळ्यांची पोर, मला बोट लागली नाही, बाकीचे सगळे कठड्याला लटकून होते आणि सरही. मला आतून फार बरं वाटत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. तिथे आम्ही पत्र्याच्या एका लांबोळक्या शेडमध्ये राहिलो. आता पक्ष्यांच्या कामाची एक रीत असते, ती जगभर तीच. पहाटे अंधारात उठायचं, जाळी लावायची, आवाज टिपायचे, कारण पक्षी पहाटे गातात. ऊन चढलं की पक्षी गप्प आणि माणूसही गप्प. दुपारी सगळे झोपतात. संध्याकाळी परत उठायचं. ही रीत इतकी पक्की की पक्षीवाल्याला दुपार म्हणजे काय असते हे ठाऊकच नसतं. दुपार ही त्याच्यासाठी घोरण्याची वेळ. आम्हीही तसेच. पहाटे जाळ्यात चष्मेवाले सापडायचे, पिवळे, बोटभर, डोळ्याभोवती पांढरं कडं. सर त्यांची मापं घ्यायचे. पंख तेवढाच, चोच तेवढीच, शेजारच्या बेटावरच्या चष्मेवाल्याएवढीच. पहाटेची चिवचिवही तीच. सर म्हणाले, हे तेच. लिहून टाका.

मग मला ताप आला. दुपारी सगळे घोरत होते, पत्रा तापून तडतडत होता, मी घोंगडीखाली थंडीनं कुडकुडत होते, आणि बाहेर एक पक्षी गायला लागला. आधी एक बारीक शीळ. मग तीच, थोडी खाली उतरलेली. मग थांबा, असा लांब की वाटावं, संपलं. आणि मग तो सुटला. एकात एक गुंतलेले सूर, वर, खाली, मध्येच मागे जाऊन एखादा विसरलेला तुकडा उचलून आणल्यासारखा, आणि संपवताना असा उडवून द्यायचा की मला त्या तापात हसू आलं. मी उठले, भिंत धरून दारात गेले. समोरच्या झाडावर, ऐन उन्हात, तो पिवळा बोटभर जीव गळा फुगवून गात होता. आजूबाजूला एक पान हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. तिसऱ्या दिवशी मी टेपरेकॉर्डर उशाशी घेऊन पडले आणि टिपला. नुसता आनंद झाला मला. इतका स्वच्छ आनंद त्यानंतर मला फार वेळा झालेला नाही, आणि झाला तेव्हा तेवढा स्वच्छ नव्हता.

सरांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, तसं कोणी समजू नका. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणाले, ‘सत्यवती, तापात माणसाला कायपण ऐकू येतं.’ मी कॅसेट लावली. बॅटऱ्या संपत आलेल्या, आवाज घोगरा निघाला, वर पत्र्याची तडतड. ते म्हणाले, हा दुसराच कुठला पक्षी असेल, तू अंगात ताप असताना कसा ओळखलास. आणि ते गोड हसले. त्या हसण्यानं घात केला. भांडले असते तर मीही भांडले असते. मिरकरवाड्याची मी, मला काय भांडता येत नव्हतं. पण माया करून माणूस तुम्हाला खोटं पाडतो तेव्हा काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. प्रबंधातला तो भाग गेला. याद्यांमध्ये तो चष्मेवाला शेजारच्या बेटावरच्या चष्मेवाल्याच्या नावाखाली बसला, भाड्याच्या खोलीत बसावा तसा. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. वर्षं गेली तसं मलाच वाटायला लागलं की सर म्हणत होते ते बरोबर असेल. मी मुलांना शिकवत राहिले, बेडूक, झुरळ, कबुतराची हाडं. मध्येच कधी दुपारी तास नसताना स्टाफरूममध्ये बसले की आठवायचं, आणि मी स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघायची. आपण ऐकलेलं आपल्यालाच खरं वाटेनासं होणं, यासारखी शिक्षा नाही. कान आहेत पण आपले नाहीत असं काहीतरी.

कुसळ सापडलं ते इथे, मारुती मंदिरापाशी, उसाच्या रसाच्या गाड्यासमोर. मी रस सांगितला, बर्फ नको म्हटलं, आणि ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला नाव हवं होतं की मी ऐकलं याची साक्ष हवी होती? नाव पुष्कळांना मिळालंय. पुस्तकं उघडून बघा. कुठल्या गव्हर्नराच्या बायकोचं, कुठल्या उमरावाच्या मुलीचं, ज्यानं बोटीचा खर्च केला त्याच्या आईचं. त्या बायांनी तो पक्षी बघितला तरी होता का? ऐकला होता का? त्यांच्यावर कोणाची तरी माया होती, एवढंच त्या नावात असतं. आणि माया करूनच तर मला एकदा गप्प बसवलं होतं. रसवाला म्हणाला, ‘बाय, पी ना, रस काळा पडेल.’ मी घटाघट प्यायले.

पण मग अलिझाचं काय. ही अलिझा आमच्या बिल्डिंगमधली, खालच्या मजल्यावरच्या बिल्किसची मुलगी. लहानपणी तिचा बाप हमीद बोटीवर असायचा आणि ही पोर शाळेतून आली की दप्तर त्यांच्या घरात टाकून वर माझ्या घरात. तिला पक्ष्यांचं वेड मी लावलं असं बिल्किस म्हणते, पण मी कसलं लावतेय, ते तिच्यात होतंच. एकदा माझ्या कपाटातून तिनं ती जुनी कॅसेट काढली आणि लावली. मी स्वयंपाकघरात होते. आतून तो आवाज आला, तो थांबा, मग ते सुटणं, आणि माझ्या हातातली पळी तशीच राहिली. बाहेर आले तर ही जमिनीवर पालथी पडून टेपला कान लावून. ‘मावशी, हा कोण?’ मी म्हटलं, चष्मेवाला. ‘हा दुपारी झोपत का नाही?’ पत्र्याची तडतड ऐकून तिनं ओळखलं होतं की ऊन आहे. तिनं मला विचारलं नाही, तुला ताप होता का. तिनं विचारलं, तो झोपत का नाही. पुढे ती शिकायला गेली, परदेशात एका संग्रहालयात लागली, आणि कुठूनकुठून पैसे, परवानग्या मिळवून त्याच बेटावर जाऊन आली. झाडांवर यंत्रं टांगलीन. यंत्राला दुपारची झोप नसते. एवढंच करायचं होतं, आणि एवढंच कोणी केलं नव्हतं. आता ती पोर ओंजळीत माझं नाव घेऊन उभी आहे, आणि मी म्हणायचं, नको?

घरी न जाता मी बिल्किसकडेच गेले. दार उघडंच होतं. आत हमीद जेवून आडवा झालेला, पंखा फिरतोय, सगळ्या बिल्डिंगमध्ये दुपारची सामसूम. बिल्किसनं मला बघितलं आणि स्वयंपाकघरात पाट सरकवला.

‘ये गो. अलिझानं मला सकाळीच सांगितलंन. तांदळाची सांदणं केलीत, मऊ आहेत, तुला चावायला नकोत. तोंड का असं करून आलीस? आनंदाची गोष्ट आहे ना?’

‘आहे.’

‘मग घे नाव आणि हो मोकळी. यात विचार कसला करायचा? पोरगी केव्हाची मनात धरून बसलीय. सगळ्यांशी भांडून तुझं नाव कबूल करून घेतलंन. नाही म्हणालीस तर रडेल.’

‘माहितेय.’

‘आणि मेल्यावर कोण विचारतं आपल्याला? तुझं निदान पाखराला तरी राहील.’

मी सांदण मोडलं, दुधात बुडवलं, तोंडात ठेवलं. ते आपलं आपण विरघळलं. मी म्हटलं, ‘बिल्किस, मी ऐकला होता गं तो.’

‘हां, मग तेच तर.’

‘तेच नाही. पक्ष्याला माझं नाव दिलं तर लोक म्हणणार, होती कोणी म्हातारी, पोरीचा जीव होता तिच्यावर, दिलंन नाव. मला लाडाचं नको. इतकी वर्षं माझा सगळ्यांनी लाडच केला. मला म्हणायचंय की ह्याला मी ओळखलं. पहिल्यांदा मी ओळखलं. ते मागे बारीक अक्षरात येतं ना, तिथे मला जायचंय.’ माझा आवाज चढला होता. आत हमीदची कूस बदललेली ऐकू आली. मी आवाज खाली केला. ‘पण तिला कसं सांगू? तिचं मन कसं मोडू?’

बिल्किस सांदणांच्या वाट्यांच्या कडेनं सुरी फिरवून त्या पालथ्या करत होती. ही बाई कुठलंही बोलणं हातातलं काम पुरं झाल्याशिवाय करत नाही, आणि म्हणून तिच्याशी बोलताना मला नेहमी राग येतो आणि नेहमी मीच गप्प बसते. शेवटची वाटी झाल्यावर ती म्हणाली, ‘तुमच्यात बाळाचं नाव आई ठेवत नाही ना?’

‘नाही. आत्या ठेवते.’

‘मग ह्या पाखराची आई कोण?’

सकाळपासून, नाही, गेली तीस वर्षं मी स्वतःलाच त्याची आई धरून चालले होते. माझं पोर दुसऱ्याच्या नावावर लावलं म्हणून आतल्या आत झुरत होते. पण पोटात वाढवलं कोणी? झाडांवर चढली कोण, जळवा अंगाला लावून घेतल्या कोणी, एका थेंबभर रक्तासाठी सरकारी दारं कोणी झिजवली, जगातल्या शहाण्यांपुढे उभं राहून हा वेगळा आहे म्हणून कोणी सिद्ध केलं? मी फक्त एकदा दारात उभं राहून बघितलं होतं. जन्मलेल्या पोराकडे आत्या बघते तसं.

‘अलिझा,’ मी म्हटलं.

‘मग झालं. तू आत्या.’

‘ती मला मावशी म्हणते.’

‘आजच्यापुरती हो आत्या. मावशीला त्या कामात कोण विचारतंय.’ आणि माझ्या वाटीत आणखी एक सांदण टाकून म्हणाली, ‘आणि आत्या आपलंच नाव ठेवते काय गो पोराला? बघितलंयस कुठे?’

मी हसायला लागले. दात नसलेल्या अर्ध्या तोंडानं जेवढं हसता येतं तेवढं हसले, दूध साडीवर सांडलं, आणि बिल्किसही हसायला लागली, पदर तोंडाला लावून, हमीद उठेल म्हणून. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. यमुनाबाई आठवली. तिनं माझं नाव ठेवलं तेव्हा तिला काही मान मिळाला असेल, एक खण, एक नारळ. पण ती पाळण्याशी आली होती, काळ्यासावळ्या पोरीकडे नीट बघितलं होतंन आणि ठरवलं होतंन, ही सत्यवती. मी जन्मभर तिच्या हाकेला ‘ओ’ देत आले. हे काही थोडं काम नव्हे. जानूच्या पोरांची नावं मीच ठेवली, सगळ्यात धाकटीचं मृणाली ठेवलं तेव्हा मिरकरवाड्यातल्या बायका म्हणाल्या, हे कसलं नाव, जिभेला गाठ बसेल. आज ती मृणाली म्हणूनच सगळीकडे ओळखली जाते आणि त्याच बायका हाका मारतात.

पण आत्याचं काम सोपं नसतं. नाव ठेवायचं तर ते हवं ना. मी बिल्किसच्या गॅलरीत जाऊन बसले. रंगावरून ठेवावं, तर रंग शेजारच्या बेटावरच्याचाच. बेटावरून ठेवावं, तर बेटावर काय हा एकटाच पक्षी आहे? एक द्वाड विचारही आला, तापावरून काहीतरी ठेवावं आणि सर हयात असतील तर त्यांना पेपरची एक प्रत पाठवावी. तो विचार मी थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले आणि मग सोडून दिला. पोराचं नाव रागानं ठेवू नये. समोर नारळाची सावली खोडाशी गोळा झाली होती. खाली रस्त्यावर कुत्रं पसरलं होतं. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. आत हमीद घोरत होता, वरच्या मजल्यावर कोणाचा तरी टीव्ही आपल्याशीच पुटपुटत होता, सगळं रत्नागिरी शहर जेवून आडवं झालं होतं, आणि मी एकटी टक्क जागी. मी डोळे मिटले. तो आला. आधी एक बारीक शीळ, मग तीच थोडी खाली. मग तो लांब थांबा. आणि या खेपेला मी कपाळाला हात लावला नाही. तो माझ्या आत सुटला, पहिल्यांदा, कसलीही शंका न येता, अथपासून इतिपर्यंत, आणि मी त्याला पूर्ण ऐकलं. संपवताना त्यानं ते उडवून दिलं आणि नाव माझ्या तोंडात आलं, गिळायचं राहून गेलेल्या घासासारखं.

संध्याकाळी अलिझाचा फोन आला तेव्हा बिल्किस अंगणात सुकत घातलेली मिरची गोळा करून नुकतीच वर आली होती आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. पलीकडे अलिझाच्या मागे कोणाकोणाचे आवाज येत होते. बाकीचे जमले असणार.

‘मावशी, ठरलं?’

‘ठरलं. माझं नाव नको.’

पलीकडे तिनं आधी मागच्या लोकांना गप्प केलंन. मग ती म्हणाली, ‘मला द्यायचं होतं गं तुला.’ खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं, म्हणावं, दे बाई दे.

‘बाळा, तू मला माझे कान परत दिलेस. आणखी काय द्यायचं राहिलंय? नाव मी ठेवते. मागे दोघींची आडनावं घाल, तुझं मुकादम आणि माझं मयेकर. आधी आईचं.’

‘कोणाच्या आईचं?’

‘ह्याच्या. तू आई, मी आत्या. तुझ्या अम्मीनं ठरवलंन, आता वाद नको.’

ती हसली की रडली, दोन्हीतलं काहीतरी झालं. मग नाक ओढून म्हणाली, ‘बरं. काय ठेवतेस?’

‘फोन असा मोकळा नको ठेवू सगळ्यांत. कानाला लाव.’

‘लावला.’

मी फोनवर हाताचा आडोसा केला. बारशाला पाळण्यात वाकते तशी वाकले, आणि ‘कुर्रर्र’ केलं, आणि नाव सांगितलं. ‘मेरिडियानस. दुपारचा. आपल्या बोलीत म्हण, दुपाऱ्या.’

‘दुपाऱ्या,’ ती हळूच म्हणाली. नाव बसतंय का ते बघत होती. ‘दुपाऱ्या चष्मेवाला.’ मग मोठ्यानं, मागच्या लोकांना, कुठल्याशा भाषेत काहीतरी सांगितलंन, आणि तिकडे सगळे एकदम बोलायला लागले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि ती परत परत तेच नाव घेत होती, बाळाला घेऊन घरभर फिरावं तसं.

आमच्या घरच्या एकूणएक बारशांना बिल्किस आलेली. नाव सांगून झालं की जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालतात, हे तिला चांगलं ठाऊक. तिनं मिरचीची परडी खाली ठेवली, हात पदराला पुसलेन, आणि माझ्या पाठीत असा सणसणीत बुक्का घातलान की मी फोनसकट पुढे गेले.

‘मावशी? काय झालं? मावशी?’ अलिझा विचारत होती.

‘आणखी एक घाल,’ मी बिल्किसला म्हटलं.